हवेतलं अंतर

खोटं तुम्ही लिहिलंत, कोंडिबानं नाही. हिरडमाची खाली हलवायच्या यादीत शेवटचा रकाना आहे, ‘इतर पशुधन’. त्याच्यापुढं तुमच्या माणसानं ‘निरंक’ लिहिलं आणि खाली तुमचा शिक्का मारला. निरंक म्हणजे काही नाही. तो हे लिहीत होता तेव्हा त्याच्या पाठीमागं पंधरा पावलांवर मधमाश्यांच्या सहा पेट्या होत्या, आणि एकेका पेटीत दहा-दहा हजार जीव होते. त्यातला एक जीव त्याच्या कानाभोवती फिरूनही गेला. त्यानं त्याच यादीच्या कागदानं त्याला हाकललं आणि लिहिलं, निरंक.

आणि आता तुम्हीच कोंडिबाला नोटीस धाडलीत. बंदी असताना वाडीत का राहिलात, याचा सात दिवसांत लेखी खुलासा करा म्हणून. कोंडिबा चौथीतनं शाळा सुटलेला माणूस. त्याला खुलासा लिहिता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं हा. तेव्हा जे झालं ते हे असं झालं. नीट वाचा, घाई करू नका. घाई तुम्ही आषाढात केली होती.

हिरडमाची म्हणजे एकोणीस घरं. भोरकडून वेल्ह्याकडं जाताना डोंगराच्या पोटाशी एक सपाटी आहे, तिच्यावर. तीन पावसाळ्यांमागं वरची कड सुटून खाली आली. दोन गोठे गेले, माणसं वाचली. तेव्हापासून आषाढाच्या तोंडाला वाडी खाली आणायची आणि दसऱ्याला परत वर सोडायची, असं तुम्ही ठरवलंत. खाली फाट्याजवळच्या शाळेमागं पत्र्याची शेड. कायमची घरं पुढच्या वर्षी. हे पुढचं वर्ष आता तिसऱ्यांदा आलंय. माणसं या वर-खालीला कंटाळली आणि दसऱ्यानंतरही वर जाईनाशी झाली. कुणी शिवऱ्याला हायवेच्या कडेला टपरी टाकली, कुणी मुलाकडं गेलं. गेल्या उन्हाळ्यात वाडीत तीन चुली पेटत होत्या. त्यातली एक कोंडिबाची, एकट्याची.

त्याची बायको भामाबाई जाऊन चार वर्षं झाली. मुलगी शिवानी वरवे बुद्रुकला दिलेली. ती आठवड्याला फोन करायची, पण वाडीत रेंज फक्त जांभळाच्या झाडाखाली. तिथं उभं राहून कोंडिबा म्हणायचा, “बरं हाय, बरं हाय,” आणि ठेवून द्यायचा. बाकी दिवसभर त्याच्याशी बोलायला होत्या त्या पेट्या. ही कविता नाही. मधवाल्याची रोजची कामाची रीतच तशी आहे. सकाळी पेटीला कान लावायचा आणि बाजूच्या फळीवर बोटानं टिचकी मारायची. आतून एकदम ‘घूं’ असा आवाज उठून लगेच बसला, तर राणी आहे आणि घर नीट चाललंय. आवाज बसेना, लांबत राहिला, बाई रडल्यासारखा, तर राणी गेली. आणि आवाजच आला नाही तर उघडून बघायची गरज नाही. सहा पेट्यांना सहा टिचक्या मारल्या आणि सहा उत्तरं आली की कोंडिबा चहा ठेवायचा. कैक दिवस असे गेले की त्या सहा उत्तरांशिवाय त्याला कुणाचं उत्तर मिळालं नाही.

तरणा असताना तोही रानातली मोहळं धूर करून पिळणारा होता. पुढं कुणी एक शिकवणारे गुरुजी आले, त्यांनी झाडाच्या ढोलीतली माशी न मारता पेटीत कशी घ्यायची ते दाखवलं. कोंडिबा शिकला आणि भामाबाई त्याच्याहून बरी शिकली. फाल्गुनात जांभूळ फुलतं, मग हिरडा, गेळा. तोवर माशीला सुकाळ. पाऊस लागला की उपास. रानात फूल नाही, बाहेर पडता येत नाही. तेव्हा साखरेचा पाक करून वाटीत घालायचा, माशी बुडू नये म्हणून त्यात काड्या टाकायच्या आणि दर चौथ्या दिवशी सांजच्याला पेटीत ठेवायचा. असे अडीच-तीन महिने काढले की भादव्यात सोनकी पिवळी होते आणि माशी सुटते. पावसाळा तगली ती पेटी वर्षभर तगली. सगळा खेळ त्या चौथ्या दिवसाच्या वाटीचा.

आणि यंदा कारवीचं वर्ष होतं. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. सहा वर्षं तिची नुसती काठी, कुडाच्या भिंतीला लावायची. सातव्या वर्षी अख्खा डोंगर जांभळा-निळा होतो आणि मग ती मरून जाते. मागच्या खेपेला कारवी फुलली तेव्हा कोंडिबाकडं चारच पेट्या होत्या. पेटीतल्या पोळ्याच्या चौकटी भरून वाहायला लागल्या आणि माशीला मध ठेवायला जागा उरली नाही. भामाबाई कंबरेवर हात ठेवून डोंगराकडं बघत म्हणाली होती, “आवं, पुडल्या खेपंला बारा पेट्या पायजेत. म्हातारं व्हायच्या आदी एकदा सगळा डोंगूर पेटीत भरायचा.”

कोंडिबानं वाढवत वाढवत नऊ केल्या. पहिले दोन पावसाळे तुम्ही वाडी खाली आणलीत तेव्हा पेट्या वरच ठेवून तो चौथ्या दिवशी पाक घेऊन चढून जायचा. कधी ओढा आडवा आला, कधी ताप आला, दिवस चुकले. तीन पेट्या मुंग्यांनी आणि मेणकिड्यानं खाल्ल्या. राहिल्या सहा. सहाच्या बारा करायला एवढंच लागत होतं की सहाही भादव्यापर्यंत जगाव्यात. कारवी लागली की एकेका पेटीच्या दोन होतात. बारा. भामाबाईचा आकडा. कोंडिबाचं बाकी काही मागणं नव्हतं.

यंदा तुम्ही वाटेला आडवा बांबू घालायचं आणि पहाऱ्याला माणूस बसवायचं ठरवलंत. चौथ्या दिवशी चढून जाणं बंद. मग कोंडिबानं यादीवाल्यालाच विचारलं, “सायेब, माशीला कुठला रकाना न्हाई का?”

“किती आहेत?”

“सा पेट्या.”

“पेट्या म्हणजे सामान. सामान ज्याचं त्यानं आणायचं.”

“सामान न्हाई, जित्राब हाय ते.”

शेजारचा गेनबा, कोंडिबापेक्षा पाच वर्षांनी मोठा आणि तोंडानं फाटका, तो मोठ्यानं म्हणाला, “आरं कोंडिबा, एकेकीचं आधार कार्ड काढ आदी. मंग सायेब मोजून घ्येतील.”

सगळे हसले. साहेब हसले. कोंडिबाही हसला. शेवटी साहेबांनी परवानगी दिली की पेट्या आणा, पण शेडपासून लांब, आंब्याच्या पलीकडं ठेवा आणि कुणाला चावल्या तर जबाबदारी तुमची. ही जबाबदारी मात्र तुम्ही लगेच मोजलीत.

पेटी हलवायचा एक नियम आहे. माशी आपली जागा ध्यानात ठेवते, घर नाही. पेटी हातभर सरकवली तर चालते. नाहीतर तीन किलोमीटरच्या पल्याड न्यावी लागते, म्हणजे तिला जुनं रान दिसत नाही आणि ती नवी जागा शिकते. मधल्या अंतरात ठेवली तर माशी चारा घेऊन थेट जुन्या जागी जाते आणि तिथं घर नसलं तरी तिथंच बसते. हा नियम कोंडिबाला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. आणि फाट्यावर तुमचाच हिरवा बोर्ड आहे, ‘हिरडमाची ७ कि.मी.’ सात म्हणजे तिनाच्या दुपटीहून जास्त. कोंडिबा निर्धास्त झाला.

दिवेलागणीला सगळ्या माश्या आत आल्या तशी त्यानं दारांना जाळी ठोकली. पहाटे शिवऱ्याचा कुमार टेम्पो घेऊन आला. पेट्या चढवताना तो म्हणाला, “काका, यातली एक जरी क्याबिनमध्ये आली ना, तर मी उडी मारणार. टेम्पोचं तुमी बघा.”

“तू गुमान चालीव. त्या गुमान बसत्याल.”

सात किलोमीटरच्या घाटाला पाऊण तास लागला, अठ्ठावीस वळणं. कोंडिबा मागं पेट्यांना धरून बसला होता.

आंब्याखाली पेट्या मांडल्या. दारापुढं निरगुडीच्या डहाळ्या उभ्या केल्या. दारात अडथळा दिसला की माशी थबकते, मागं वळून बघते, नवी जागा ध्यानात घेते, म्हणून. मग जाळ्या काढल्या. त्या दिवशी ऊन होतं. पाऊस असता तर बरं झालं असतं. चार दिवस पावसानं आत कोंडली की माशी जुनं विसरते. पण तुम्ही वाडी हलवायला उघडीप बघितलीत, माणसं भिजू नयेत म्हणून. त्यात तुमचं चुकलं म्हणत नाही. माश्या बाहेर पडल्या, काही डहाळीपाशी फिरल्या, बऱ्याच सरळ वर निघून गेल्या. कोंडिबाला बरं वाटलं. कामाला लागल्या, म्हणाला.

दुपारी दारात वर्दळ कमी झाली. चारला आणखी कमी. सांजच्याला एकेका दारात पाच-सहा माश्या. कोंडिबानं पेटी थोडी उचलून पाहिली, हलकी लागली. तो उठला आणि माश्या ज्या बाजूनं गेल्या त्या बाजूला त्यानं मान वर केली.

बरोबर डोक्यावर, कड्याच्या काठाला, त्याच्या दारातलं जांभूळ दिसत होतं. त्याच्यामागं त्याच्याच घराचं कौल. एवढं जवळ की शीळ घातली तर वर ऐकू जावी.

सात किलोमीटर रस्ता होता. अठ्ठावीस वळणांचा. हवेतून पाऊण किलोमीटरसुद्धा नव्हता. आयुष्यभर डोंगरात राहिलेला माणूस, त्याला अंतर म्हणजे पायाखालचं अंतर. वाडी लांब आहे म्हणजे दम लागतो, एसटीला वेळ लागतो. माशीला ना दम, ना एसटी. ही चूक कोंडिबाची, आणि त्यानं ती कुणावर ढकललेली नाही. बोर्ड तुमचा होता, पण अक्कल त्याची होती. गेनबा जवळ आला आणि त्याचा चेहरा बघून पहिल्यांदाच काही टोमणा न मारता उभा राहिला.

“काय झालं रं?”

“घरी गेल्या.”

“कुणाच्या?”

“आपल्या. वरच्या.”

कोंडिबा बांबूपाशी गेला. पहाऱ्यावरच्या माणसानं सोडलं नाही. त्याच्याच फोनवरून साहेबांना फोन लावला.

“काका, वर दरड आहे. तुमच्या जिवाची जबाबदारी आमच्यावर आहे.”

“व्हय सायेब. आन त्यांच्या?”

“त्यांचं अर्ज करा.”

दुसऱ्या दिवशी कोंडिबानं अर्ज केला, शाळेतल्या बाईंकडून लिहून घेतला. कचेरीत एक टेबल म्हणालं हा शेतीचा विषय. तिथं म्हणाले जनावरांचा. तिथं म्हणाले, माशी रानातली आहे की घरची? कोंडिबा म्हणाला, “हेच तर तिला कळंना झालंय.” कुणी हसलं नाही. अर्ज ठेवून घेतला. त्या अर्जाचं उत्तर आज चौथा महिना आलेलं नाही, हे खुलाशात नोंदवून घ्या.

त्या रात्री पाऊस कोसळला. उजाडल्या उजाडल्या कोंडिबा बांबूच्या वाटेनं न जाता गुरांच्या जुन्या पायवाटेनं चढला. तुमची बंदी त्यानं मोडली ती या वेळी, पहिल्यांदा. वेळ लिहून घ्या, सहा वाजून काही मिनिटं.

एकोणीस घरांची कवाडं बंद. कुत्रं नाही, कोंबडं नाही. पागोळ्या तेवढ्या गळत होत्या. पेट्या जिथं होत्या तिथं सहा चौथरे, दगडाचे. त्या दगडांना बिलगून माश्यांचे सहा पुंजके बसलेले. ओले, काळे, मुठीएवढे. दगडाखाली मेलेल्यांचा खच. ज्या जिवंत होत्या त्यांच्यातल्या काहींच्या पायाला अजून पराग होता. चारा घेऊन आल्या होत्या, द्यायला घर नव्हतं. तरी हटल्या नव्हत्या. सहा दगडांवर सहा घरांच्या माश्या, आपापल्या दगडावर.

कोंडिबा खाली बसला. भामाबाई गेली तेव्हा माणसं होती भोवती, म्हणून तो नीट रडला नव्हता. आता कुणी नव्हतं.

मग उठून त्यानं हिशोब मांडला, मधवाल्याचा. या माश्यांना खाली नेलं तर उद्या परत वर येणार. वर ठेवलं तर राणी नाही, ती खाली पेटीत, महिनाभरात संपणार. म्हणजे एक राणी वर आणायला हवी. एक पेटी वर आणि पाच खाली. वरच्या पेटीला चौथ्या दिवशी वाटी हवी. म्हणजे माणूसही वर हवा. दुसरा रस्ता असला तर तुम्ही आता तरी सांगा.

दिवे लागायच्या वेळी खाली येऊन त्यानं एका पेटीला जाळी ठोकली आणि गेनबापुढं पाकाची वाटी ठेवली.

“हे बघ, गेनबा. चौथ्या दिशी, सांजच्याला. झाकण हळू काढायचं, वाटी ठिवायची, झाकण लावायचं.”

“मी? मला गांधील चावली तर तीन दिस डोळा उघडला नव्हता!”

“ह्या गांधिली न्हाईत.”

“त्यास्नी म्हाईत हाय का ते?”

“गेनबा, दुसरं कुनी न्हाई मला.”

गेनबानं वाटी आपल्याकडं ओढली. “बरं,” म्हणाला. “पन मेलो तर तुज्या माश्यांनी खांदा द्याया यायचं.”

पहाटे कोंडिबा पेटी डोक्यावर घेऊन पायवाटेनं चढला. मधल्या चौथऱ्यावर ठेवली. दगडादगडावरच्या माश्यांवर आणि पेटीतल्यांवर पातळ पाक शिंपडला. सगळ्यांचा वास एक झाला की भांडण होत नाही. मग जाळी काढली. पहिल्या दगडावरची एक माशी दारात उतरली, आत गेली, बाहेर येऊन शेपूट वर करून पंख हलवत उभी राहिली. तिच्या मागोमाग बाकीच्या रांगेनं निघाल्या. ओल्या होत्या, उडता येईना, दगडावरून, चिखलातून, चालत. दुपारपर्यंत सहाही दगड मोकळे झाले. कोंडिबानं टिचकी मारली. आतून उत्तर आलं.

ते उत्तर सोडून खाली येता आलं नाही. वर का राहिलात? म्हणून.

दरड खोटी नाही, हेही लिहा. श्रावणात गेनबाच्या घरामागं एवढा तुकडा सुटला की कोंडिबाच्या चुलीवरचं भांडं हाललं. पाच दिवस ओढा भरून वाट बंद होती. तांदूळ होता, मीठ होतं. पाकाची साखर संपत आली तेव्हा कोंडिबानं चहा कोरा प्यायला सुरुवात केली. जांभळाखाली उभं राहून शिवानीचा फोन घ्यायचा.

“आण्णा, माश्यांसाठी जीव देणार का तुमी? मी हितं रातभर जागी आसते.”

“आगं, त्या माज्यामुळं अडकल्यात.”

“आन मी?”

 “बरं हाय,” कोंडिबा म्हणाला आणि फोन ठेवला. असले फोन ठेवताना माणसाला काय होतं त्याचा रकाना तुमच्याकडं नसेल.

आणि गेनबाचे फोन. गेनबा घोंगडीत गुंडाळून, वर हेल्मेट घालून वाटी ठेवायला जायचा, असं कुमारनं सांगितलं. शेडची माणसं बघायला जमायची. पण एकही चौथा दिवस त्यानं चुकवला नाही. टिचकीही शिकला. नागपंचमी झाल्यावर एकदा फोन आला.

“कोंडिबा.”

“बोल.”

“चार नंबरची गप हाय रं. तीनदा टिचकी मारली. बोलंना.”

कोंडिबा म्हणाला, “ऱ्हाऊ दे. तुजी चूक न्हाई.” चारा मोठ्या वयाच्या माश्या आणतात, त्याच पहिल्या दिवशी गेलेल्या, त्या घरांत म्हातारं-कोतारं राहिलं नाही, नुसती पोरं राहिली. आणखी आठ दिवसांत दोन नंबर मेणकिड्यानं खाल्ली. एक पेटी उठून कुठं निघून गेली. गेनबा आंब्याखाली गेला तर झाकणाखाली नुसतं पोळं, एक माशी नाही. त्या दिवशी त्यानं फोन केला आणि रिकाम्या पेटीशी धरून टिचकी मारली. कोंडिबानं ती ऐकली.

भादव्यात कारवी फुलली. कड्यापासून ओढ्यापर्यंत जमीन दिसेना, नुसता निळा-जांभळा डोंगर. आणि त्याच्यापुढं एक पेटी. ती भरली. नऊ दिवसांत भरली. तिच्यात आणखी मावेना. कोंडिबा सकाळी उठून त्या डोंगरातून चालत जायचा, फुलांना हात लावायचा, हाताला रस चिकटायचा. बाकीच्या पेट्यांचं जेवण वाढून ठेवलेलं, जेवायला कुणी नाही. खालच्या उरलेल्या दोन पेट्या मात्र तगल्या. का, माहीत आहे? हवेतून पाऊण किलोमीटर. आंब्याखालून उठून त्या सरळ कारवीवर यायच्या. ज्या अंतरानं तिघींना मारलं त्याच अंतरानं दोघींना जगवलं. कोंडिबानं फुलावर एक माशी बघावी आणि ती वरची की खालची, हे त्याला सांगता येऊ नये.

पण त्या दोन्ही अशक्त. एकीच्या दोन करायची ताकद एकीतही नव्हती. खाली दोन, वर एक. तीन. बारा नाही. कारवी वाळली, बी पडलं. पुन्हा फुलेल तेव्हा कोंडिबा एकाहत्तर वर्षांचा असेल.

आणि मग तुमची नोटीस आली. गेनबा घेऊन आला, घोंगडी नाही, हेल्मेट नाही, उघड्या हातानं. येता येता वरच्या पेटीला टिचकी मारून उभा राहिला, ऐकलं, मान हलवली. मग कागद पुढं केला. “घ्ये. यात मातर तुजं नाव बरोबर लिवलंय.”

हा झाला खुलासा. दंड करायचा तर करा. आता तुमचा द्या. कोंडिबा वर राहायचा हट्ट धरत नाही, डोंगर कसा येतो ते त्यानं तुमच्याआधी पाहिलंय. तो एवढंच विचारतोय. पुढच्या आषाढात वाडी खाली आणाल. माणसं शेडमध्ये, गुरं गोठ्यात, कोंबड्या डालग्यात. या तीन पेट्या कुठं? रस्त्यानं मोजू नका, हवेतून मोजा. वाडीपासून तीन किलोमीटरच्या पल्याड, पाच हात लांबी-रुंदीची जागा, जिथं चौथ्या दिवशी एक म्हातारा वाटी घेऊन जाऊ शकेल. भाटघरच्या पाण्याकाठी असेल, वेल्ह्याच्या अंगाला असेल, कुठंही असेल. जागेचं नाव लिहा. रकाना नसेल तर आखा. खाली सही करा.

टिचकी मारलीय. आत कुणी आहे का?